रोजकीर्द लिहिता, खतावणी कधी करणार?

ताई, स. न. वि. वि.

वय ५२. एका सहकारी पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. क्लार्क म्हणून लागलो त्याला २७ वर्षं झाली. घरी मी आणि पत्नी, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तक्रार करावी असं वरवर काही नाही. पण गेल्या दिवाळीत जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचा फोन आला की मी थकबाकीदार असल्यासारखं वाटतं." मी चिडलो, ते ओघानं आलंच. पत्नीकडे पाहिलं तर ती काही न बोलता ताटं उचलून आत गेली. ते मला मुलाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

जानेवारीत डायरी आणली. रोज रात्री झोपण्याआधी आत्मपरीक्षण करतो, दिवसभरात कुठे चुकलो ते लिहितो. सहा महिने झाले, फरक शून्य. उलट आता दिवसा इतरांवर चिडतो आणि रात्री त्याबद्दल स्वतःवर. एक-दीडपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मित्र म्हणतो, इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन ये. डायरीतल्या काही पानांच्या झेरॉक्स सोबत पाठवतोय. मला आत्मपरीक्षण जमत नाही, की मी माणूसच वाईट आहे?

– एक शाखाधिकारी, सातारा जिल्हा

* * *

स. न. वि. वि.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही नीट वाचाल. जो माणूस बायकोनं ताट उचलून आत जाण्याचा अर्थ लावत आठ महिने अस्वस्थ राहतो, त्याला वाईट म्हणायला मी तयार नाही. तो विषय संपला. 'जमत नाही' हेही खरं नाही. तुम्ही जे करताय ते अगदी व्यवस्थित जमलंय, फक्त ते आत्मपरीक्षण नाही.

झेरॉक्स पाठवल्यात ते फार बरं केलंत. पत्रात माणूस स्वतःविषयी विचार करून लिहितो. डायरीत तो हात जाईल तसं लिहितो. तुमची पानं मी टेबलावर मांडली आणि पेन्सिल घेऊन बसले. काही नोंदी इथे देते, वाचकांनाही कळेल मी कशाबद्दल बोलतेय.

"आज सौ.शी पुन्हा वाद. चूक माझीच. मी असा का आहे? संयम ठेवायला हवा."

"कॅशिअरला सगळ्यांदेखत बोललो. वाईट वाटलं. अहंकार सोडला पाहिजे. उद्यापासून नाही."

"पुन्हा तेच. वडिलांचा स्वभाव उतरलाय, दुसरं काय."

"आज शांत होतो."

आता मला सांगा, तुमच्या शाखेत नव्यानं लागलेल्या एखाद्या मुलानं रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, असं लिहिलं, की "आज पैसे गेले, चूक माझीच, उद्यापासून काळजी घेईन", तर तुम्ही त्याला खुर्चीवर बसू द्याल का? किती गेले, कुणाला, कोणत्या खात्यावर, व्हाउचर कुठंय, हे विचाराल. त्यानं डोळ्यांत पाणी आणून "मी निष्काळजीच आहे साहेब" म्हटलं, तरी तुम्ही म्हणाल, ते राहू दे, आकडा सांग. स्वतःच्या बाबतीत मात्र तुम्ही आकडा कधी विचारलाच नाही. चूक, अहंकार, संयम, स्वभाव: हे चार शब्द पेन्सिलीनं गोल केले तर अर्धी पानं भरली. वाद कशावरून झाला? किती वाजता? कोण आधी बोललं? शब्द काय होते? काही नाही. सहा महिन्यांच्या नोंदी आहेत, पण एकीलाही व्हाउचर जोडलेलं नाही.

एक पान तेवढं वेगळं आहे. २८ मार्च. त्या दिवशी तुम्ही इतके दमला होता, की स्वतःला नावं ठेवायचंही त्राण उरलं नसावं, म्हणून नुसतं घडलेलं उतरवलंत: "मार्च एंड. दिवसभर वसुली. सगळे बघू बघू. १०१ च्या नोटिसा गेल्या तरी बघू. घरी आलो. सौ.ना विचारलं गॅसचा नंबर लावला का, म्हणाली बघते, थांबा जरा. नको ते बोललो."

(१०१ म्हणजे सहकार कायद्यातलं वसुलीचं कलम.) माझ्या मते तुमच्या सगळ्या पानांतलं हे सर्वांत चांगलं पान. यात एकही सुविचार नाही.

मग मी बाकीची पानं परत चाळली. कॅशिअरच्या प्रसंगाखाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आहे: "व्हाउचर विचारलं तर नंतर बघतो म्हणतो." मुलाच्या फोनची एक नोंद आहे: "प्लेसमेंटचं विचारलं. बघू म्हणाला. फोन ठेवला." तीन वेगळे दिवस, तीन वेगळी माणसं. तुम्ही तिन्ही नोंदी 'माझा चिडका स्वभाव' या एकाच खात्यावर नावे टाकून मोकळे झालात. मला तिथे दुसरंच खातं दिसतंय. दिवसभर थकबाकीदारांकडून मोघम उत्तरं ऐकून घेणं ही तुमची नोकरी आहे. तिथे तुम्ही चिडूही शकत नाही, चिडलात तर वसुली होत नाही. आणि मग कुणी आपल्या माणसानं मोघम उत्तर दिलं, की दिवसभराचं सगळं त्याच्या अंगावर जातं. मुलगा काय म्हणाला होता? 'थकबाकीदार असल्यासारखं वाटतं.' तुम्ही तो टोमणा समजलात. मला तर ती बरीच अचूक नोंद वाटते.

हे चुकीचंही असेल. मी मूठभर पानांवरून बोलतेय, तुमच्या घरात राहत नाही. पण चूक असो की बरोबर, हे तपासता येण्याजोगं काहीतरी आहे. 'मी अहंकारी आहे' हे कसं तपासणार? आणि तपासून करणार काय?

तेव्हा अडचण एवढीच, की तुम्ही रोजकीर्द लिहिता आणि खतावणी करतच नाही. तारखेवार नोंद झाली की दिवा बंद. तीच नोंद उचलून आपापल्या खात्यावर नेल्याशिवाय कुणाकडे किती येणं आहे ते कळत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. डायरी लिहिणारी बहुतेक माणसं इथेच थांबतात. वर्षानुवर्षं लिहितात, मागचं पान कधी उलटून बघत नाहीत, आणि स्वतःला ओळखतो असं समजतात.

आता त्या 'मी असा का आहे?' या वाक्याविषयी. ते तुमच्या पानांवर जागोजागी आहे आणि मला त्याची धास्ती वाटते. 'का' विचारलं की मन गप्प बसत नाही, ते काहीतरी उत्तर देतंच. ते उत्तर खरं असतं असं मात्र नाही. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका दुकानात टेबलावर बायकांच्या नायलॉन मोज्यांचे चार जोड ओळीनं ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, यातला सर्वांत चांगला कोणता? चारही जोड अगदी एकसारखे होते, काडीचाही फरक नव्हता. लोकांनी सर्वांत जास्त पसंती दिली ती उजव्या टोकाच्या जोडाला. का निवडला, असं विचारल्यावर कुणी विणीबद्दल बोललं, कुणी पोताबद्दल. जागेमुळे निवडला असं एकानंही सांगितलं नाही. 'मांडणीचा परिणाम झाला असेल का?' असं सरळ विचारलं, तर बहुतेकांनी साफ नाही म्हटलं आणि विचारणाऱ्याकडेच चमत्कारिक नजरेनं पाहिलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपल्या वागण्याचं कारण आपल्याला आतून दिसतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, जशी आपल्या सगळ्यांची असते.

'वडिलांचा स्वभाव उतरलाय' हे तुमचं उत्तर मला त्यातलंच वाटतं. उतरलाही असेल, कोण नाही म्हणतंय. पण त्या उत्तरापुढे रस्ता नाही. वडील आता बदलणार नाहीत, मग तुम्हीही सुटलात. म्हणून निदान काही महिने 'का'ला सुट्टी द्या. 'काय' विचारा. काय झालं, मी काय बोललो, अंगात काय झालं, त्या क्षणी मला काय हवं होतं.

हे शेवटचे दोन प्रश्न जरा उलगडून सांगते, कारण पुरुष मंडळी तिथे अडतात. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांवरून सांगते, टोमणा मारत नाहीये.

राग 'आला' असं आपण म्हणतो तेव्हा तो येऊन बराच वेळ झालेला असतो. आधी अंगाला कळतं. कुणाची कानशिलं तापतात, कुणाचे दात एकमेकांवर घट्ट बसतात, कुणी नकळत पेनचं टोपण काढ-घाल करू लागतो. तुमचं काय होतं ते मला माहीत नाही, आणि पैज लावून सांगते, तुम्हालाही माहीत नाही. सौ.ना नक्की माहीत असेल. ती खूण सापडली तर सहा महिन्यांतली पहिली कामाची नोंद झाली असं समजा. तिचं लगेच काही करायचं नाही. नुसती टिपायची: 'जबडा आवळला होता.'

आणि हवं काय होतं? २८ मार्चला तुम्हाला गॅसचा नंबर हवा होता का? मला नाही वाटत. गॅस दुसऱ्या दिवशी लावला असता तरी चाललं असतं. तुम्हाला बहुतेक हवं होतं, की त्या दिवसात एकदा तरी कुणी सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हणावं. ही मागणी गैर नाही. पण ती भाजी परतत उभ्या असलेल्या बाईला कशी कळावी? अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाचा विवेकनिष्ठ विचार मराठीत बऱ्यापैकी रुजलेला आहे, कि. मो. फडके यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग हाच: सरळ उत्तर मिळावं अशी इच्छा असणं वेगळं आणि ते मिळालंच पाहिजे असा हट्ट धरणं वेगळं. संताप हट्टातून येतो. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हिरमुसतो, फार तर कुरकुरतो. पण हा हट्ट आपण धरलाय हे कळायला आधी 'मला काय हवं होतं' ते कागदावर यावं लागतं.

लिहायची वेळ बदला, ही माझी एकच सक्त सूचना समजा. रात्री अकराला, दमलेल्या डोक्यानं, अंथरुणाच्या कडेला बसून कुणीही स्वतःविषयी बरं लिहीत नाही. त्या वेळेला प्रत्येक जण नालायक असतो. संध्याकाळी कॅश जुळली, सह्या झाल्या, की शाखेतून निघण्यापूर्वी दहा मिनिटं तिथेच बसा. नाहीतर सकाळच्या चहाबरोबर. आणि तारखा छापलेली डायरी नको. एक पान कोरं राहिलं की तुमच्यासारख्या माणसाला तीही थकबाकी वाटणार. साधी शंभर पानी वही घ्या. रोज लिहायचं बंधन नाही. आठवड्यातून तीनदा पुरे, एका वेळी एकच प्रसंग. 'उद्यापासून' या शब्दाला वहीत बंदी.

लिहिण्यानं फायदा होतो का, अशी शंका आता तुमच्या मनात आली असेल, सहा महिने लिहून काय मिळालं म्हणून. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या मुलांवर केलेला एक अभ्यास या विषयात पायाभूत मानतात. मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितलं. काहींनी फक्त घटना लिहायच्या, काहींनी फक्त भावना, काहींनी दोन्ही. लिहिल्या लिहिल्या मुलांना बरं वाटलं नाही, उलट मन जास्त खिन्न झालं. पण पुढच्या काही महिन्यांत, ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या होत्या त्यांच्या कॉलेजच्या दवाखान्यातल्या खेपा कमी झाल्या. यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. एक, घटना आणि भावना दोन्ही लागतात. तुमच्या पानांवर घटना नाहीच, आणि भावना म्हणून जे आहे तो स्वतःवरचा शेरा आहे. दुसरी, चार दिवस! सहा महिने रोज तीच जखम उघडायला कुणी सांगितलेलं नव्हतं.

अजून एक छोटी युक्ती, हसू नका. प्रसंग फार जवळचा असेल, लिहिताना हात थरथरत असेल, तर 'मी' असं लिहायचंच नाही. स्वतःच्या नावानं लिहायचं. तुमचं नाव समजा वसंतराव, तर "वसंतराव साडेसातला घरी आले. चप्पल काढता काढताच विचारलं…" असं. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की ताणाच्या प्रसंगी स्वतःशी नावानं बोलणारी माणसं 'मी, मी' म्हणणाऱ्यांपेक्षा कमी घाबरतात आणि नंतर त्याच त्या गोष्टी कमी चघळतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' ऐकतच आपण वाढलो. अभंगाच्या शेवटी स्वतःला नावानं उभं करून त्याच्याकडून बोलवून घ्यायचं, ही रीत आपल्याकडे काही शतकं तरी जुनी आहे.

आता खतावणी. दर पंधरा दिवसांनी एक रविवार, सकाळी, अर्धा-पाऊण तास. मागची पानं वाचायची आणि वहीच्या शेवटच्या पानांवर खाती उघडायची. कोण समोर होतं? वेळ कोणती? त्याआधीचा तासभर कसा गेला होता? पोटात काही होतं का? (या शेवटच्यावर हसू येईल, पण कितीतरी घरांतले संध्याकाळचे वाद निव्वळ भुकेचे असतात, असं माझं ठाम मत आहे.) पहिल्या रविवारी काही दिसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी एखादं खातं फुगलेलं दिसेल. ज्या नोंदी कुठेच बसत नाहीत त्या सस्पेन्सला टाका आणि पुढे चला. सस्पेन्स खातं रात्रीत मोकळं करायचा हट्ट तुम्ही शाखेत धरत नाही, इथेही धरू नका. काही नोंदींचा उलगडा वर्षानं होतो.

आणि 'आज शांत होतो' याचं खातं स्वतंत्र. तुम्ही त्यावर तीन शब्द खर्च केलेत, हे मला खरोखर खटकलं. चिडल्याच्या दिवशी अर्धं पान आणि शांत दिवसाला तीन शब्द! त्या दिवशी काय वेगळं होतं? वसुलीला गेला नव्हता? दुपारी डबा वेळेवर खाल्ला? संध्याकाळी चालत घरी आलात? शांत दिवस आपोआप उगवत नाहीत. त्यांचीही कारणं असतात, आणि ती चिडण्याच्या कारणांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

एवढं सगळं केलंत तरी एक हिस्सा तुम्हाला कधीच दिसणार नाही. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांची १९५५ सालची 'जोहारी खिडकी' तुम्ही एखाद्या प्रशिक्षणात फळ्यावर पाहिली असेल: चार चौकोन, त्यातला एक म्हणजे इतरांना दिसतो पण आपल्याला दिसत नाही तो भाग. प्रशिक्षणात आपण तो चौकोन वहीत उतरवून घेतो, आणि चहाला जातो. त्या चौकोनाची किल्ली तुमच्या घरात, ताटं उचलून आत गेलेल्या बाईंकडे आहे.

पण विचारायचं कसं? 'मी कसा आहे गं?' असं विचारलंत तर त्या म्हणतील, 'बरे आहात की.' दुसरं काय म्हणणार! इतक्या वर्षांच्या संसारात 'मी कसा आहे' या प्रश्नाला खरं उत्तर देण्याची सोय राहिलेली नसते. म्हणून एकच प्रसंग विचारा, ताजा, छोटा. 'काल मी टीव्हीवरून बोललो, तेव्हा तुला काय वाटलं?' आणि मग सर्वांत अवघड काम: उत्तर ऐकून घ्यायचं. खुलासा नाही, 'पण तू पण' नाही, 'माझा हेतू तसा नव्हता' तर मुळीच नाही. 'हो का' एवढंच म्हणायचं आणि उठायचं. वहीत त्यांचे शब्द, त्यांच्याच शब्दांत लिहायचे. पहिल्यांदा विचाराल तेव्हा त्या संशयानं बघतील. बघू देत. त्यांनी काहीच सांगितलं नाही तर आठवडाभरानं परत विचारा, त्याच दिवशी खनपटीला बसू नका. नाहीतर तीही वसुलीच.

कॅशिअरला मात्र यात ओढू नका. साहेबांनी 'मोकळेपणानं सांग' म्हटल्यावर मोकळेपणानं सांगणारा नोकर मी अजून पाहिलेला नाही, आणि ज्यानं सांगितलं त्याचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याची माफी मागायची असेल तर ती मागा, आणि सगळ्यांदेखत बोलला होता तर सगळ्यांदेखत मागा. ते वेगळं काम आहे, त्याला वही लागत नाही.

मुलाचं. डायरीची पानं त्याला पाठवू नका, 'मी स्वतःवर काम करतोय' असा मेसेजही नको. बावीस वर्षांच्या मुलाला बापाच्या आत्मशोधाचं ओझं कशाला? एक करा. पुढचा फोन झाला की लगेच, आठवेल तसा, शब्दशः लिहून काढा. तुमच्या पत्रावरून आणि पानांवरून मला तो साधारण असा ऐकू येतो: जेवलास का, पैसे पोचले का, कॉलेजला गेला होतास का, प्लेसमेंटचं काय झालं, बघू म्हणजे काय, ठेवतो. तुमच्या बाजूला किती प्रश्नचिन्हं आली ती मोजा, आणि तुम्ही स्वतःविषयी किती वाक्यं बोललात तीही मोजा. दुसरा आकडा शून्य आला तर दचकू नका, असंख्य बापांचा तो शून्यच येतो. प्रश्नांमागे काळजी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या कानापर्यंत फक्त प्रश्न पोचतात. त्यापुढच्या फोनवर एखादी स्वतःची गोष्ट सांगून बघा, अगदी क्षुल्लक. आज शाखेत सर्व्हर दोन तास बंद होता आणि म्हाताऱ्या खातेदारांनी कसा गोंधळ घातला, एवढीसुद्धा चालेल. मग तो काय बोलतो ते लिहा.

इगतपुरीचं विचारलंत. धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे, गोएंका गुरुजींच्या परंपरेतली दहा दिवसांची शिबिरं तिथे होतात, फी घेत नाहीत. पहाटे चारला उठायचं, मौन पाळायचं, आणि फोन, वाचन, लेखन सगळं बंद. सुरुवातीचे दिवस नुसता श्वास बघायचा, मग शरीरातल्या संवेदना. ज्यांना मानवलंय त्यांच्याकडून मी चांगलंच ऐकलंय, आणि अंगातल्या खुणा ओळखायची सवय तिथे लागते, जी तुम्हाला हवीच आहे. तरीही आत्ता जाऊ नका असं सांगेन. तुमची अडचण कुणी समोर बोलत असताना उभी राहते, आणि तिथे दहा दिवस कुणी बोलणारच नाही. शांत होऊन याल, आणि सोमवारी पहिला थकबाकीदार 'बघू' म्हणेल. आधी तीन-चार महिने वही, मग हवं तर शिबिर. शिवाय झोपेची तक्रार चालू असताना तर नकोच.

त्या झोपेबद्दल मी सर्वांत गंभीरपणे बोलतेय. रात्री दीडपर्यंत जागं राहून सकाळी वसुलीला जाणारा कुठलाही माणूस चिडका होईल, त्याला स्वभाव कशाला हवा. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, साखर, थायरॉइड बघून घ्या, झोपेचं मोकळेपणानं सांगा. कशातच रस वाटत नाही, भूक गेली आहे, सगळं व्यर्थ वाटतंय, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते वहीनं सुटणारं नाही. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, जिल्हा रुग्णालयातही ही सोय असते. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे: १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. 'आपण नसलेलं बरं' असा विचार कधी चुकून जरी मनाला शिवला, तर डॉक्टरांच्या तारखेची वाट न बघता त्याच रात्री हा नंबर लावा आणि सौ.ना उठवा.

जुनी डायरी फाडू नका. पुढच्या एखाद्या रविवारी ती घेऊन बसा, आणि जिथे जिथे 'पुन्हा तेच' लिहिलंय तिथे त्या दिवशी शाखेत काय काम होतं ते आठवतं का बघा. वसुलीच्या तारखा तर तुमच्याकडे असतीलच, त्या शेजारी ठेवून ताळा करा. तीन महिन्यांनी मला परत लिहा. मुलगा गोड बोलतो की नाही हे नको, कोणतं खातं सर्वांत जाड निघालं तेवढं कळवा. आणि कृपा करून झेरॉक्स पाठवताना समास सोडा, यावेळी पेन्सिलीला जागाच मिळाली नाही.